पिल्लं वर येईपर्यंत

कोपरी, ठाणे
गुरुवार, २८ फेब्रुवारी १८८४

ऑस्वल्ड,

हे पत्र बहिणीचं आहे असा समज करून घेऊ नकोस. तू गेल्यापासून मी तुला एक अक्षर लिहिलं नाही आणि आताही लिहिणार नव्हते. पण तळ्याबद्दल एक गोष्ट विचारायची आहे. ती ठाऊक असलेला गावातला दुसरा माणूस आपल्या घराशी धड बोलत नाही, म्हणून नाइलाजानं कागद घेतला. इगतपुरीच्या रेल्वे कारखान्यात पत्रं पोचतात की नाही कोण जाणे. पोचलं तर उत्तर दे, न पोचलं तर मी सुटले.

तळ्यात पुन्हा मरळ आले आहेत. आले म्हणजे त्याच माणसानं, काळूकाकांनी आणले. शहाडला त्यांच्या मेहुण्याकडे जाऊन राहिले, उल्हास नदीच्या काठावर भर वाऱ्यात गळ टाकून बसले आणि शेवटी एक जोडी घेऊन आले. ओल्या गोणपाटात, शेवाळात गुंडाळून, बैलगाडीनं. गाडीवान म्हणे वाटेत सारखा विचारत होता की जिवंत आहेत की मेले, आणि काका दर वेळी त्याच्यावर खेकसत होते की मरळ बाहेरची हवा खातो, तू पुढं बघ. रेल्वेनं किती लवकर आले असते! पण रुळांखाली त्यांचं भाताचं खाचर गेलं त्या दिवसापासून ते गाडीत चढलेले नाहीत, हे तुला सांगायला नको. अजून शिटी वाजली की पाठ फिरवून उभे राहतात. आणि तू नेमका त्याच रेल्वेत नोकरीला गेलास. धन्य आहे तुझी.

तू काय केलंस ते मी उगाळत बसणार नाही. फक्त आठवण असावी म्हणून लिहिते. असेच उपासाचे दिवस होते, वाऱ्यामुळे खाडीत होड्या जात नव्हत्या, पाद्रीबाबांकडे पाहुणे आले होते, आणि तू छाती पुढे काढून म्हणालास, मासा मी आणतो. होळी पेटली की मरळाची पिल्लं आपापल्या वाटेला लागेपर्यंत तळ्यात जाळं टाकायचं नाही आणि पिल्लांच्या जवळ गळ टाकायचा नाही, हा नेम आगऱ्यांच्या आणि आपल्या आज्यापणज्यांनी मिळून घातलेला. तुला तो पाठ होता. नर मरळ पिल्लांवर राखण करत असतो तेव्हा तो काही खात नाही, पण पिल्लांजवळ काही पडलं तर भुकेनं नव्हे, रागानं धावून येतो, हेही तुला पाठ होतं. म्हणून तर तू गळाला बेडूक लावून तो पिल्लांच्या मधोमध टाकलास. आधी बाप आला, मग आई आली. संध्याकाळपर्यंत बगळ्यांनी आणि बाकीच्या माशांनी ती पिल्लं वेचून खाल्ली. पाहुण्यांना मासा आवडला म्हणे.

काळूकाका वडाखाली सगळ्या गावासमोर काय म्हणाले ते माझ्या कानात अजून आहे. "चोर असता त सोरला असता. ह्याना बापाला पोरांवरशी उचलला. जवर या तल्यान परत पिल्ला फिरनार नाय, तवर ह्याना गावान पाय ठेवाचा नाय." आपल्या लोकांनीही माना डोलावल्या. मीसुद्धा.

आता यंदा जोडी आली आहे, तेव्हा पिल्लं झाली तर ती बंदी उठेल. हे मी सहज लिहिते आहे, त्यात काही मनात आणू नकोस.

विचारायचं ते असं. नर शेवाळ सारून घर करतो ते वाऱ्याच्या तोंडाला की आडोशाला? आम्ही कुठे लक्ष ठेवायचं? वारा आत्तापासूनच सुटला आहे.

आई बरी आहे.

सेसिलिया


गुरुवार, १३ मार्च

ऑस्वल्ड,

उत्तर नाही. ठीक आहे.

काल धुळवड झाली. आगरआळीत ढोल वाजत होते आणि मी आपली तळ्याकाठी बसून पाण्याकडे बघत होते. वारा दुपारी खाडीवरून उठतो तो दिवे लागेपर्यंत थांबत नाही. पाणी असं खवळतं की वर मासा हलला की नुसती लाट आली, काही कळायला मार्ग नाही. घर अजून दिसलेलं नाही. जोडी जिवंत आहे हेसुद्धा मी कशावरून सांगते? एकदा सकाळी वारा पडला होता तेव्हा कुणीतरी वर येऊन हवेचा घोट घेतलेला ऐकला. एवढ्यावर मी दिवस काढते आहे.

मला एक काम मिळालं आहे. तुला हसू येईल. काळूकाकांची आवडाबाई आली आणि कुंपणापलीकडूनच म्हणाली, "सेसिलबाय, तल्यान शिंगट्या मोप झाल्यान. अंडी पडली का त्याच पयल्या गिलतील. घाटावरशी बारका गल टाक आनि कार त्यांना. आमच्या घरवाल्यानाच सांगतलाय, पन त्याना सांगतलाय असा सांगू नको." तेव्हा मी रोज घाटाच्या पायरीवर गांडूळ लावून बसते. घर झालं तर पलीकडच्या शेवाळात होईल, घाटाकडे नाही, म्हणून इकडे गळाला परवानगी. शिंगटीच्या काट्यांनी हात फाटले आहेत. त्यांचं कालवण करते, आई रस्सा पिते. आवडाबाईकडे अर्ध्या पाठवते, आणि त्या परत आलेल्या नाहीत.

आज मात्र काय झालं ते ऐक. वाऱ्यानं दोरा असा फुगत होता की बूच कुठे तरंगतंय तेच दिसेना. एकाएकी हाताला ओढ लागली. शिंगटीची ओढ बारीक, धडधडणारी असते, ती आता मला कळते. ही जड होती. खाली, सरळ खाली. मी मनात म्हटलं, सेसिलिया, तू त्याला धरलंस, तुझ्या भावानं केलं तेच तू केलंस. ओढून बघण्याचं धाडस झालं नाही. काठीसकट सगळं पाण्यात सोडून दिलं आणि पायरीवर उभी राहून बघत राहिले. काठी पाण्यावरून तळ्याच्या मध्यापर्यंत गेली आणि थांबली. दोरा तुटला असावा.

मरळाची ओढ कशी असते रे? तो गळ गिळला असेल तर मरतो का? नुसतं "नाही" एवढं लिहिलंस तरी चालेल. तू इथे असतास तर मला या वयात गांडुळं खणावी लागली नसती. हे वाक्य खोडणार होते, पण दुसरा कागद नाही.

आई बरी आहे. जरा दमते, इतकंच.

सेसिलिया


शनिवार, २९ मार्च

ऑस्वल्ड,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. म्हणजे माझी दोन्ही पत्रं तुला मिळाली होती, आणि तू आठवडे घालवून चार ओळी लिहिल्यास.

"मरळ गळ झटकून टाकतो, मरत नाही. घर आडोशाला करतो, पण वारा फिरला तर फसतो. अंडी तरंगतात, त्यांना वारा लागू देऊ नये. मी पास्काच्या सणानंतरच्या बुधवारी सकाळच्या आगबोटीनं झांजीबारला जातो आहे, करार झाला. उत्तम शुक्रवारपासून माझगावला युजीनमामांकडे असेन. आईला सांग."

आईला सांग! हे मी सांगू? तूच सांग. मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तिला वाटतं तू दर आठवड्याला पत्र पाठवतोस. मीच वाचून दाखवते, कधी पोस्टाचा कागद हातात असतो, कधी वाण्याच्या पुडीचा. तिला आता दिसत कमी आहे. खरं म्हणजे दिसतच नाही. राखेच्या बुधवारी देवळातून आली ती खाटेवरून उठलेली नाही. आता लिहिलंच आहे तर असू दे. आई बरी नाही, ऑस्वल्ड.

झांजीबार कुठे आहे तेही मला नीट माहीत नाही. तिथून माणसं परत येतात का?

कार्ड वाचलं आणि मी तडक काळूकाकांच्या दारात गेले. तू गेल्यानंतर प्रथमच. ते जाळं विणत बसले होते, मान वर केली नाही. मी म्हटलं, काका, पिल्लं होतील तेव्हा होतील, त्याला आधी बोलवा, तो समुद्रापार चालला आहे. त्यांनी सुई चालूच ठेवली. मग म्हणाले, "पोरी, मी गावासमोर बोल्लू. माजा शबुद मीच मोरला त उद्या होली पेटल्यावर माजा आयकल कोन? सगलं जन जालं घेऊन उतरतील." मी म्हटलं, मग पिल्लं झालीच नाहीत तर? तेव्हा त्यांनी सुई थांबवली. "मी शहाडला वाऱ्यान बसलू तो कोनासाठी बसलू, असा वाटतंय तुला?"

तशीच घरी आले.

जोडी जिवंत आहे, दोन्ही. परवा वारा पडला तेव्हा पलीकडच्या शेवाळात नर दिसला. आपल्या परातीएवढी जागा त्यानं मोकळी केली आहे, तोंडानं शेवाळ तोडून बाजूला सारतो आणि पुन्हा मधे येऊन उभा राहतो. मादी भोवती फिरते. अंडी नाहीत. रोज जाऊन बघते, अंडी नाहीत. आता मला झोपेतसुद्धा ती मोकळी परात दिसते. यांना कळत का नाही? यांना सगळा उन्हाळा मोकळा आहे, आपल्याला पास्कापर्यंतच वेळ आहे.

करार म्हणजे सही केलीस की नुसतं बोललास? लवकर लिही.

सेसिलिया


सोमवार, ७ एप्रिल

ऑस्वल्ड,

अंडी पडली! काल, झावळ्यांच्या रविवारी. मी देवळातून आईसाठी आशीर्वादाची झावळी घेऊन येत होते, वाटेत तळ्याकडे वळले, तर आवडाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून माझ्याकडे हात करत होती. ओरडायची सोय नव्हती, नर बिथरला असता. पाण्यावर पिवळी साय, जवळून बघितलं तर राळ्याचे दाणे पसरल्यासारखी अंडी. नर खाली दगडासारखा स्थिर.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसलो. किती दिवसांनी!

आणि दुपारी वारा फिरला. तू लिहिलं होतंस अगदी तसंच झालं. रोजचा खाडीचा वारा सोडून तो एकदम भलत्याच अंगानं आला, सरळ त्या शेवाळाच्या उघड्या बाजूनं. सायीची एक कड फाटली आणि अंडी बाहेर वाहायला लागली. नर बिचारा ती तोंडात धरून परत आणून सोडत होता, आणि तो एक घोट आणेपर्यंत दुसऱ्या बाजूनं दहा घोट जात होते. खवल्या मासे आयते टपलेले. मी काय करणार? हातात झावळी होती, ती चिखलात रोवली. आवडाबाई म्हणाली, "अजून आन." अजून कुठून आणू? मग मी धावत आळीत गेले आणि घराघरांतून झावळ्या मागितल्या. आशीर्वादाच्या, वर्षभर घरच्या क्रुसाला लावून ठेवायच्या, पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारासाठी जाळायच्या झावळ्या. कुणी दिल्या, कुणी दार लावून घेतलं. पाद्रीबाबांना आतापर्यंत कळलं असेल. पापनिवेदनाला गेले की ते मला काय सांगतील ते मला माहीत आहे, पण त्यांच्याच पाहुण्यांनी मागचा बाप खाल्ला, हे मीही सांगणार आहे.

नुसत्या झावळ्या वाऱ्यानं वाकत होत्या. तेवढ्यात काळूकाका आले. होळीत अर्धवट जळलेला सुपारीचा सोट त्यांनी खांद्यावर आणला होता. तो मधे रोवला, त्याला झावळ्या बांधून कूड केला. त्यांची पाठ आता सरळ होत नाही, तरी पाण्यात उतरले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाट नको बांधू. वारा थोरा जावं दे, नाय त कूरच परल." तूही हेच सांगितलं असतंस.

किती अंडी वाचली ते सांगता येत नाही. निम्मी असतील. आज सकाळी ती फुटायला लागली आहेत. बारीक काळे केसासारखे जीव, त्यांना अजून पोहता येत नाही, शेवाळाला चिकटून लोंबकळतात. काका म्हणतात, ते लाल होऊन पाण्यावर आले आणि बापाच्या मागे थव्यानं फिरायला लागले की मगच पिल्लं झाली म्हणायचं. तोवर एक झोत पुरे.

आठवड्याभरात होईल असं ते म्हणतात. आठवड्याभरात तू निघतोस.

वारा चालूच आहे. पत्र लिहितानाही खिडकीचं दार आपटतं आहे आणि प्रत्येक आपटण्याला मी उठते. आईनं विचारलं, काय झालं गो? मी म्हटलं, काही नाही, मरळाला मुलं झाली. ती म्हणाली, "मग ऑस्वल्डला सांग. त्याला लय नाद."

सांगितलं.

सेसिलिया


शनिवार, १२ एप्रिल
युजीनमामांच्या पत्त्यावर, माझगाव

गाढवा,

तू आला होतास.

मला आधी माझं सांगू दे. काल उत्तम शुक्रवार. सगळी आळी देवळात, घंटा मुक्या, मूर्ती झाकलेल्या. आईला खुर्चीतून उचलून आणलं होतं, हे वर्ष चुकवायचं नाही म्हणाली. तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. पाद्रीबाबा येशूचं दुःखसहन वाचत होते आणि बाहेर वारा वाढत गेला. छपराची कौलं वाजायला लागली. मला आत काही ऐकू येत नव्हतं, डोळ्यांपुढे फक्त तो कूड. सोट हलत असेल, झावळ्या निघाल्या असतील, पिल्लांना अजून पोहता येत नाही. उठून जावं तर आईचा हात. क्रुसाचं चुंबन घ्यायची तिची पाळी येईपर्यंत मी प्रार्थना केली, पण ती कशासाठी केली ते देव समजून घेवो.

बाहेर आल्यावर आईला शेजारणीकडे सोपवून धावले. तळ्याकाठी पोचले तर वाटेतला गुलमोहोर मोडून पडलेला, घाटाची पायरी पाण्यानं भिजलेली, आणि कूड उभा! उभा नुसता नाही, नवा. दोन्ही बाजूंना ताजे बांबू रोवलेले, झावळ्या पुन्हा विणलेल्या आणि निळ्या कापडाच्या चिंध्यांनी बांधलेल्या. त्या चिंध्यांची गाठ बघितली आणि ओळखली. बाबांची गाठ, उलटा वळसा देऊन आत दडवलेली. बाबा गेल्यावर ती कोपरीत एकालाच येते.

काळूकाका वडाखाली होते. मी विचारलं, कुठे आहे तो? ते म्हणाले, "गेला. दुपारच्या गारीनं."

मग त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. वारा चढला तसे ते घरातून निघाले, तर आधीच कुणीतरी छातीभर पाण्यात उभं राहून पाठीनं कूड तोलून धरला होता. "मी वलखला. हाक नाय मारली. त्यानापन मना बगला, पन गावाकरं एक पाऊल नाय टाकला. तल्याची कर सोरली नाय." मग काय केलंत, मी विचारलं. "काय करनार? बांबू तोरून आनले, काठावर टाकले, वललू." त्यांनी बांबू टाकले, तू उचललेस. त्यांनी भाकरी ठेवली, तू खाल्लीस. दोघं एक अवाक्षर बोलला नाहीत. तुम्हा दोघांना एकाच दोरीनं बांधून तळ्यात सोडायला हवं.

अरे, आई हाकेच्या अंतरावर होती! बंदी होती ती पाय ठेवायची होती, हाक मारायची नव्हती. मी नाक मुरडून पत्रं लिहिली, खाली बहिणीसारखं 'तुझी बाय' न लिहिता नुसतं सेसिलिया लिहिलं, ते सगळं तू खरं धरलंस का? मला तू हवा आहेस. पहिल्या पत्रापासून तेवढंच लिहायचं होतं. मरळ कुठे घर करतो ते मला काळूकाकांकडे बघूनही कळलं असतं.

एक चिंधी सोडवून घरी आणली. आईच्या हातात दिली, काही सांगितलं नाही. तिनं ती चाचपली, नाकाला लावली. कारखान्याच्या तेलाचा वास अजून होता. म्हणाली, "त्याला जेवाला घातलं का गो?"

हो म्हटलं. काळूकाकांची भाकरी होतीच.

पिल्लं आहेत. शेवाळात आहेत, वर आलेली नाहीत. उद्या पास्काचा सण. बुधवारी आगबोट. आता मला वाऱ्याची भीती नाही, दिवसांची आहे.

तुझी बाय


मंगळवार, १५ एप्रिल, सकाळ

बाबा ऑस्वल्ड,

घाईत आहे, अक्षर लावून घे.

पिल्लं वर आली. आज वारा पडला होता, तळं कसं थाळीसारखं. मी आणि आवडाबाई घाटावर होतो. कुडाच्या आतून पाण्यावर लाल तिखट सांडल्यासारखं काहीतरी हललं, बाहेर सरकलं, आणि अख्खाच्या अख्खा थवा मोकळ्या पाण्यात आला. खाली बाप. थवा वळला की बाप वळतो. एक खंड्या झेपावला तर नरानं पाण्याबाहेर अशी उसळी मारली की पक्षी ओरडत पळाला. आवडाबाई रडली, मीही रडले, मग दोघी एकमेकींना म्हणालो की डोळ्यांत पाणी उडालं.

काळूकाकांना बोलावलं. ते काठावर उकिडवे बसले आणि इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं यांना काही होतंय. मग उठले, गुडघे झटकले आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पिल्ला फिरली. लिव त्याला, ये म्हनावा."

मी म्हटलं, काका, आज टपालात टाकलं तर उद्या दुपारी पोचेल. बोट सकाळची आहे. मी स्वतः गेले असते, पण शनिवारपासून आई एक घोट पाणीसुद्धा माझ्याच हातून घेते.

त्यांनी रुळांच्या बाजूला बघितलं. "मना दे," म्हणाले. "मी बोल्लू होतू, मीच नेतंय."

मी म्हटलं, कसे जाणार, होडीनं तर उद्या उजाडेल.

"गारीनं."

ऑस्वल्ड, ते आत्ता आपल्या अंगणात उभे आहेत. आपल्या अंगणात! धुतलेलं पागोटं घातलं आहे, फडक्यात भाकऱ्या बांधल्या आहेत. आवडाबाई त्यांच्या खांद्यावरचं उपरणं पुनःपुन्हा सारखं करते आहे आणि ते तिच्यावर चिडत आहेत. मला विचारत होते की गाडीत चढताना वहाणा बाहेर काढायच्या का, आणि भायखळा आलं हे आतल्या माणसाला कळतं कसं. मी सांगितलं, कुणालाही विचारा. "मी नाय कोनाला विचारनार," म्हणाले. तरी विचारतील. युजीनमामांचं नाव त्यांच्याकडून घोकून घेतलं आहे.

आई जागी आहे. तिला सांगितलं की तू येतो आहेस. आज पहिल्यांदा तुझ्याबद्दल खरं बोलले आहे, मला तोंडघशी पाडू नकोस.

शिटी ऐकू येते आहे. काका पाठ फिरवायला लागले होते, मग थांबले.

हे पत्र तुझ्या हातात देणारा माणूस समोर उभा असेल. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा मोठ्यानं वाच. ते काही बोलणार नाहीत, तूही मुका राहू नकोस. आणि त्यांना गाडीची सवय नाही रे. परत येताना त्यांना एकट्याला बसवू नकोस.

तुझी बाय
सेसिलिया